बुवांच्या छातीवरची पट्टी

पुंजारामबुवा हिवाळ्यांच्या घरात दोनच वस्तूंना धार होती, एक त्यांचा कोयता आणि दुसरा त्यांचा आवाज. कोयता सहा दिवस राहुरीकडच्या उसात चाले. आवाज रविवारी संध्याकाळी, कोप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. छबूबाईंच्या जिभेलाही धार होती, पण ती मोजायची नाही. ती आपल्या घरातली वस्तू आहे असं म्हणायचं धाडस खुद्द बुवांनीही कधी केलं नव्हतं.

बुवा मूळचे पाथर्डी तालुक्यातले. दिवाळी झाली की तिकडची निम्मी माणसं बैलगाडीत चूल, कोंबड्या आणि लेकरं घालून ऊस तोडायला निघत. त्यांत बुवा आणि छबूबाईही असत. एकाहत्तर सालचा पाऊस पडला म्हणण्यापेक्षा डोकावून गेला होता, त्यामुळं त्या हंगामात निम्म्याहून जास्तच माणसं निघाली. कॅनॉलच्या कडेला उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या राहिल्या. पाऊणशे कोप्यांत ख्रिस्ती घरं तीन. पण रविवारच्या कीर्तनाला सगळा तळ लोटायचा. एक तर बुवांचा आवाज, आणि दुसरं म्हणजे त्या तळावर संध्याकाळी करमणुकीला दुसरं काही नव्हतंच. मुकादम सूर्यभानकडं रेडिओ होता, पण त्यातून बातमीपेक्षा खरखर जास्त यायची.

आता ख्रिस्ती कीर्तन ही नगर जिल्ह्यात काही नवलाची गोष्ट नव्हे. टाळ तेच, पेटी तीच, पूर्वरंग झाला की कीर्तनकाराच्या गळ्यात हार, मग उत्तररंगात आख्यान. आख्यान तेवढं येशूचं आणि त्याच्या प्रेषितांचं. पूर्वज पिढ्यान् पिढ्या ज्या चालीवर मान डोलवत आले, त्याच चालीवर नातवंडांनी डोलवली. मान कुणासाठी डोलवायची ते बदललं. डोलवायची कशी, ते कशाला बदला?

बुवांचं शिक्षण मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत. खरं शिक्षण मात्र वडिलांच्या पाठीमागून चालताना झालेलं. वडिलांकडं गावकीचं काम होतं, सांगावा पोचवायचं. गावात कुणी गेलं की मयताच्या लेकीच्या, बहिणीच्या गावी उन्हातान्हात चालत जायचं आणि निरोप द्यायचा. दाराच्या बाहेरूनच द्यायचा, कारण आत घेत नसत. लहानग्या पुंजारामाला त्याचा राग यायचा. एकदा एका बाईनं सांगावा ऐकून त्याच्या वडिलांच्याच पायावर डोकं आपटून घेतलं होतं. वडील पटकन दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, "आक्का, माज्या पायाशी काय हाय? तुजा बाप तिकडं हाय. चल, ऊठ, वाटंला लाग." परतताना पुंजारामाला म्हणाले, "सांगावा दिला की बाजूला व्हायचं, पोरा. आपुन मधी हुबं ऱ्हायलो तर ती मानसं जायची कशी?"

हे वाक्य पुंजारामबुवांना पाठ होतं. पाठ असलेल्या गोष्टीचं असं होतं की ती तोंडात राहते आणि डोक्यातून जाते.

बुवांचं लाडकं आख्यान होतं लुस्त्र गावचं. पौल आणि बर्णबा हे दोन प्रेषित एका परक्या गावात जातात. जन्मापासून कधी चाललेला नाही असा एक लंगडा तिथं बसलेला. पौल त्याला म्हणतो, ऊठ, आणि तो उठून टणाटणा उड्या मारायला लागतो. झालं! गावाला वाटतं, देवच माणसांची सोंगं घेऊन उतरले. पुजारी हार घेऊन, बैल घेऊन निघतो, या दोघांपुढं बळी द्यायला. तेव्हा ते दोघे आपले कपडे फाडतात आणि गर्दीत घुसून ओरडतात, अरे बाबांनो, आम्हीही तुमच्यासारखीच माणसं! आम्ही नुसते निरोपे. ज्यानं आभाळ केलं, त्याच्याकडं वळा!

हा "कपडे फाडतात" तिथं कीर्तनाचा कळस. बुवा दोन्ही हात छातीशी नेत, डोळे मिटत आणि टर्रकन अंगरखा फाडत. बाया किंचाळत, म्हातारे डोळे पुसत.

यातली गोम एकट्या छबूबाईंना ठाऊक होती. बुवांकडं अंगरखा एकच. तो दर रविवारी फाडायचा तर सोमवारी घालायचं काय? म्हणून छबूबाई दर रविवारी दुपारी जुन्या धोतराची एक वीतभर रुंद पट्टी अंगरख्याच्या छातीवर कच्च्या टाक्यांनी टाचून देत. लांबून ती अंगरख्याचाच भाग वाटे. बुवा फाडत ती पट्टी. अंगरखा सुखरूप.

"लोकांस्नी सांगता देवाम्होरं खरं बोला," सुई दातात धरून छबूबाई म्हणायच्या, "आन् छातीवर हे!"

"अगं, ही कला हाय."

"व्हय व्हय. कला तुमची, धोतार बी तुमचं, आन् बोटं माजी टोचत्यात."

ही कला निर्धोक चालली असती. पण तळावर लंकाबाई होती. नवरा गाडीवान, पोरगी विजयमाला, वय वर्षं पाच. आधीची दोन लेकरं हाती लागली नव्हती, त्यामुळं विजूला शिंक आली तरी लंकाबाई रात्रभर तिच्या उशाशी बसून काढायची. मार्गशीर्षात विजूला ताप भरला. तीन दिवस उतरेना. रविवारी लंकाबाई तिला मांडीवर घेऊन कीर्तनात पुढं बसली. बुवांनी टर्रकन पट्टी फाडली, आणि ती नेमकी लंकाबाईच्या पुढ्यात पडली. तिनं ती उचलली, डोळ्यांना लावली आणि विजूच्या दंडाला बांधली. सकाळी ताप उतरला.

ताप चौथ्या दिवशी आपसूकही उतरतो, हे त्या तळावर सांगायला कुणी नव्हतं. सांगितलं असतं तरी ऐकायला कुणी नव्हतं.

पुढच्या रविवारी पट्टी खाली पडायच्या आत सहा हात पुढं आले. त्याच्या पुढच्या रविवारी बुवांचे 'बाबा' झाले. लोक फडात कोयता घालायच्या आधी त्यांच्या पाया पडू लागले. पहिल्यांदा कुणी वाकलं तेव्हा बुवांनी विंचू दिसल्यासारखे पाय मागं घेतले. "न्हाई, न्हाई, आमी बी मानसंच!" दुसऱ्यांदा ते अर्ध्यातच थबकले. तिसऱ्यांदा म्हणाले, "असू दे, असू दे." आणि पौष संपता संपता छबूबाईंना दिसलं की हे गृहस्थ रविवारी दुपारी कॅनॉलवर बसून दगडानं टाचा घासतायत.

"का वो? नवरदेव निगालाय व्हय कुठं?"

"पाय मळल्यात."

"एवडी वरसं न्हाई मळले ते! लोक डोकं ठिवत्यात म्हून घासताय."

बुवांनी दुसरी टाचही घासायला घेतली.

महिन्यातून एकदा प्रभुभोजनाची उपासना घ्यायला काकासाहेब पाळक सायकलवरून येत. हडकुळे, मऊ बोलणारे गृहस्थ. टोचायचं ते चहा पिता पिता टोचत. त्यांनी एक कीर्तन ऐकलं, पट्टीवर पडलेली झुंबड पाहिली आणि निघताना सायकलच्या घंटीवरची धूळ पुसत म्हणाले, "बुवा, तुमचं कीर्तन लोकांना फार आवडतं. कीर्तनातलं कोण आवडतं, हे कधी विचारलंत का त्यांना?"

"येशूच, पाळकसाहेब! दुसरं कोन?"

"हं. विचारून बघा." आणि गेले.

बुवांनी विचारलं नाही. उत्तर ठाऊक असलं की माणूस सहसा विचारत नाही.

फाल्गुनात ऊन चढलं, कॅनॉलचं आवर्तन बंद झालं, आणि लोक डबक्यातलं पाणी भरू लागले. एका सकाळी छबूबाई लंकाबाईच्या कोपीवरून तडक फडात बुवांकडं आल्या. एरवी त्या दहा पावलांवरून बोलायला सुरुवात करत. आज जवळ येईपर्यंत गप्प.

"लंकीच्या विजूला रातीपासनं हगवन लागलीय. वकती बी हाय. डोळे पार आत गेल्यात वो. चिमटीत धरली तर कातडी तशीच ऱ्हातीया."

"मग दवाखान्यात न्यायला सांग की! कारखान्यावर डाक्टर हाय."

"सांगितलं. म्हनती, बाबांच्या पट्ट्या बांदल्यात, आता कुनाची गरज न्हाई. दवाखान्यात नेलं तर बाबांवरचा इस्वास मोडल, म्हनती." छबूबाईंनी घाम पुसला. "सात पट्ट्या हायत तिच्या दंडावर. मी मोजल्या. साती माझ्या हातच्या."

बुवांनी कोयता खाली ठेवला.

लंकाबाईच्या कोपीपुढं दहाबारा माणसं जमली होती. नवरा गाडी घेऊन कारखान्यावर रांगेत अडकलेला. आत विजू गोधडीवर मान टाकून पडली होती, ओठ चघळून टाकलेल्या उसाच्या चोयट्यांसारखे कोरडे. बुवांना पाहताच लंकाबाईचा चेहरा उजळला, आणि तो उजळलेला पाहून बुवांनी नजर पोरीकडं वळवली.

"आले! मी म्हनलंच, बाबा येत्यात!"

"लंके, पोरीला उचल. दवाखान्यात न्यायची."

"तुमी आलाव ना! आता कशाला?"

"अगं, मी कोन? मी बी तुज्यासारकाच मानूस हाय!"

लंकाबाईनं भरल्या डोळ्यांनी हात जोडले. "मोठी मानसं असंच म्हनत्यात, बाबा."

बाहेरच्या माणसांनी माना डोलावल्या. बुवा घाबरले. तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, तसतसे लोक आणखी वाकू लागले. गेली कित्येक वर्षं हे आख्यान ते रंगवून सांगत होते. आज त्यांना पहिल्यांदा कळलं की त्या दोन प्रेषितांनी कपडे फाडले ते नाटकासाठी नव्हे. शब्द संपले होते, म्हणून.

बुवा कोपीच्या दारात आले. "छबे," ते म्हणाले, "सुई आन. दोरा आन. आन् ती पट्टी."

छबूबाई चपापल्या. "हितं? समद्यांम्होरं?"

"समद्यांम्होरं. पळ!"

एवढी वर्षं या पट्टीवरून नवऱ्याला टोमणे मारणारी बाई. पण सुई घेऊन परत आली तेव्हा पट्टी तिनं पदराआड धरली होती. "राहू द्या ना वो," ती हळूच म्हणाली. "तुमाला कोन इचारील मागनं?"

"टाच."

भर उन्हात, जमलेल्या सगळ्यांच्या देखत, छबूबाईंनी बुवांच्या छातीवर जुन्या धोतराची पट्टी टाचली. चार कच्चे टाके वर, चार खाली. माणसं बघत राहिली. बुवा लंकाबाईपुढं मांडी घालून बसले.

"वढ."

"बाबा..."

"वढ म्हनतो ना!"

लंकाबाईनं दोन बोटांत धरून ओढलं. टर्रकन पट्टी निघाली. आत अंगरखा जसाच्या तसा, एक दोराही न उसवता.

"दर आयतवारी हेच," बुवा म्हणाले. "माजं फाटकं धोतार. हिचे टाके."

"पोतेरं करनार हुते मी त्याचं," छबूबाई रडत रडत म्हणाल्या.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी म्हणालं, "मायला, फसिवलं की आपल्याला!" टाळ वाजवणारा रंगनाथ, जो तीन हंगाम बुवांच्या मागं उभा राहिला होता, तो दुसरीकडं पाहू लागला. बुवांचे कान तापले. पण लंकाबाईचा आवाज त्या सगळ्याहून वर चढला. ती चिडली होती.

"मग मागल्या टायमाला माजी पोरगी कशानं बरी झाली?"

"मला ठावं न्हाई. ज्यानं केली त्याला ठावं. मी केली न्हाई, एवडंच मला ठावं हाय." बुवा पुढं सरकले. "लंके, मी सांगावा आननारा मानूस. माजा बाप बी त्योच हुता. ज्याचा सांगावा आनला त्याच्याकडं तू जायाचं, आन् तू माज्याच पायाशी बसलीस. मी हाटकायला पायजे हुतं. न्हाई हाटकलं. ग्वाड लागलं मला. चूक माजी हाय, तुजी न्हाई. पर आता उठ, माजी आई, उठ!"

लंकाबाईनं एकदा हातातल्या पट्टीकडं पाहिलं, एकदा पोरीकडं. मग वाकून विजूच्या दंडावरच्या साती पट्ट्या दातांनी तोडल्या आणि पोरगी उचलली. सूर्यभान मुकादमानं तोवर सायकल आणली होतीच. लंकाबाई मागं कॅरियरवर, पोटाशी पोरगी, आणि सायकल कॅनॉलच्या रस्त्यानं धूळ उडवत गेली. मागोमाग बुवा चालत निघाले. कुणी त्यांच्या पाया पडलं नाही. वाट मात्र सगळ्यांनी करून दिली.

बुवा पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दवाखान्याच्या खोलीत विजू खाटेवर, हाताला सुई, आणि वर लोखंडी दांडीला सलाईनची बाटली उलटी टांगलेली. लंकाबाई खाटेजवळ खाली बसून त्या बाटलीला हात जोडून एकटक बघत होती.

"लंके, बाटलीला पुजतीस व्हय?"

"मग कुनाला पुजू?" ती फणकारली. "तुमी तर सोताला काडून टाकलंव. डाक्टर म्हनला, मला नको हात जोडू, बाटली काय करती ते बघ. म्हून बघते!"

बुवा तिच्यापासून जरा अंतरावर जमिनीवर बसले. "डाक्टरनं बाटली लावली, ब्येस केलं. बाटली तिचं काम करील. तू डोळं मीट आन् त्याच्याशी बोल."

"कुनाशी?"

"ज्याचं मी आयतवारी सांगतो. येशूशी."

"तुमीच बोला की. तुमची वळक हाय."

रोजचे बुवा असते तर याच ठिकाणी त्यांचा आवाज लागला असता. खोलीही घुमणारी होती. बुवांनी ओठ उघडले आणि मिटले.

"न्हाई. तुजं लेकरू हाय, तूच सांग."

"मी तुमच्यातली न्हाई. माजं ऐकंल त्यो?"

"माजं ऐकतो म्हनत हुतीस की. टाचा घासून बसनाऱ्याचं ऐकतो, तर तुजं का न्हाई?"

लंकाबाईला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. तिनं डोळे मिटले. मग परक्या गावात एखाद्या घराच्या दारातून हाक मारावी तशी ती म्हणाली, "अवो, मी लंका. पाथर्डीकडची. ही माजी विजू. आदीची दोन गेल्यात, तुमाला ठावं असंल. हिला ऱ्हाऊ द्या." एवढंच. मग ती गप्प बसली, आणि शेजारी पुंजारामबुवाही गप्प बसले. हाताशी श्रोते असताना ते गप्प बसल्याची ही पहिलीच वेळ.

दुसरी बाटली लागली. दिवेलागणीला विजूनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

त्यानंतरचे दोन रविवार तळावर कीर्तन झालं नाही. बुवांनी काढलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. बुवा ऊस तोडत, भाकरी खात, पडून राहत. लोकांनी वाईट वागवलं असं नव्हे. 'बाबां'चे परत 'बुवा' झाले, आणि कुणी कुणी "काय बुवा, आज पट्टी कुठंय?" म्हणून खडे मारी. ते खरेच असल्यामुळं लागत.

तिसऱ्या रविवारी लंकाबाई झेंडूचा हार घेऊन कोपीच्या दारात उभी. "उटा. कीर्तन लावा. नवऱ्याला समदं सांगितलंय, त्यो बी येतोय. त्या दोगांचं सांगा, कापडं फाडनाऱ्यांचं."

"अगं, आता ते कसं सांगू? लोक हसतील."

"हसू द्या. मला परत ऐकायचंय. मागल्या बारीला म्या नुसतं तुमच्याकडं बगत हुते."

कीर्तन लागलं. माणसं नेहमीपेक्षा कमी; बरीचशी मजा बघायला आलेली. रंगनाथ जरा मागं उभा राहून टाळ वाजवत होता. पूर्वरंग झाला, लंकाबाई हार घेऊन उठली आणि बुवांच्या पुढ्यात थांबली. बुवांनी मान मागं घेतली.

"मग कुनाला घालू? तुमच्यात तर मूर्त बी न्हाई."

बुवांनी इकडंतिकडं पाहिलं. तेवढ्यात पुढं बसलेली विजू दिसली, मांडीवर गुळाचा खडा घेऊन. "तिला घाल. ज्यानं राकली त्याचं नाव घे, आन् तिच्या गळ्यात घाल." विजूच्या गळ्यात तो हार गुडघ्यापर्यंत आला, आणि तिनं लागलीच एक पाकळी खाऊन बघितली.

मग आख्यान. लंगडा उठला, पुजारी निघाला, बैल सजले. पट्टी आता सगळ्यांच्या ओळखीची, तरी छबूबाईंनी ती टाचली होतीच, बुवा म्हणाले होते, "खेळ म्हून ऱ्हाऊ दे." कळसाला बुवांनी डोळे मिटले, दोन्ही हातांनी पट्टी धरली आणि ओढली.

निघेना.

बुवांनी डोळे उघडले. पुन्हा ओढली. पाय रोवून ओढली. टाळ थांबले. बुवांनी स्वतःभोवती अर्धी गिरकी घेतली, पट्टी जागची हलली नाही. मागं बसलेल्या छबूबाई पदर तोंडाला लावून गदगदत होत्या. त्यांनी दुपारी दोन पदरी दोऱ्यानं गोधडीचे पक्के टाके घातले होते. समद्यांना ठावंच हाय तर धोतार तरी वाचंल, असा त्यांचा हिशोब.

"वढा बुवा, जोर लावा!" लंकाबाई ओरडली, आणि सगळा तळ हसण्यानं फुटला. रंगनाथनं टाळ खाली ठेवून पोट धरलं.

बुवा धापा टाकत थांबले. मग त्यांनाही हसू फुटलं. हात छातीवर तसेच ठेवून ते म्हणाले, "बगा, मंडळी! ह्या हातात बायकूचा टाका उसवायचं बी बळ न्हाई, आन् तुमी माज्याकडं लेकरांचा जीव मागत हुता!"

रंगनाथनं हसू आवरून टाळ पुन्हा उचलले. बुवा एक पाऊल बाजूला सरले, वडील सरत तसे, आणि पुढचं सांगू लागले. लंकाबाई या खेपेला त्यांच्याकडं बघत नव्हती. विजूच्या गळ्यातल्या हारावर हात ठेवून तिनं डोळे मिटले होते आणि ती ऐकत होती.